पंगतीतलं रसायनशास्त्र

“सात,” शर्वरी म्हणाली.

“अगं, सात कसे होतील? नीट बघ.”

“बारा?”

झालं! आता ही नुसते ठोकताळे बांधत होती. मी खडू टेबलावर आपटला.

फळ्यावर होतं 3Ca(OH)₂. पानाला लावतात तो चुना. त्यात एकूण अणू किती, एवढाच प्रश्न. Ca, O, H ही एकेका मूलद्रव्याची चिन्हं. चिन्हाच्या पायाशी बारीक आकडा असेल, तर ते तितक्या वेळा. कंसाच्या पायाशी असेल, तर कंसातलं सगळं तितक्या वेळा. आणि सुरुवातीचा मोठा आकडा म्हणजे असे अख्खे संच किती. पुण्यात वर्षानुवर्षं मी हे एका तासात उरकायचे. इथे तिसरा दिवस होता आणि गाडी सातावरून बारावर आली होती.

नवरा तोक्योच्या तोयोसु भागात आयटी ऑफिसात आणि मी इथल्याच एका छोट्या भारतीय शाळेत, पार्ट-टाइम सायन्स टीचर. शर्वरी आधी ओजिमातल्या जपानी शाळेत शिकत होती. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट कधीही संपेल, पुण्याला परतावं लागेल, म्हणून आईवडिलांनी तिला आमच्याकडे घातलं. बाकी विषय तिने उचलले. सायन्स अडलं. प्रिन्सिपल मॅडमनी बजावलं होतं, “शुक्रवारी मी स्वतः टेस्ट घेणार. नाही जमलं तर एक इयत्ता खाली.”

वर्गात सगळ्यात उंच मुलगी. ती त्या चिमुरड्यांत बसणार? “मग मी शाळेतच येणार नाही,” ती मला म्हणाली होती. आणि ही पोरगी बोलते ते करते. माझं डोकं नुसतं भणभणत होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत मी वर्गात येरझारा घालत होते.

“बरं, हे सोड,” मी म्हटलं. “समज, पंगत बसलीय. एका ताटात दोन पुऱ्या आणि एक लाडू. अशी तीन ताटं. पुऱ्या किती?”

तिने बराच विचार केला. “सांगता येणार नाही.”

“काऽय?”

“पुण्याला आजी बाबांना जास्त वाढते. मला पण. नको म्हटलं तरी.”

मला हसावं की रडावं कळेना. खोटं काय बोलली ती? आपल्या पंगतीत मोजून वाढलं तर यजमानाची अब्रू जाते!

“मग सगळ्यांना सारखं मिळतं तरी कुठे गं?” मी वैतागून विचारलं.

“क्यूशोकु!” ती ताडकन म्हणाली.

क्यूशोकु म्हणजे जपानी शाळेतलं दुपारचं जेवण. मुलंच पांढरे ॲप्रन घालून वर्गाला वाढतात. शर्वरी एकदम बोलायलाच लागली. “आधी सगळ्यांचे ट्रे सेम. एकाला जास्त गेलं तर शेवटच्याला पुरत नाही. उरलं तरच परत मिळतं.”

मी खडू तिच्या हातात दिला. तिने तीन ट्रे काढले. “Ca म्हणजे दूध. एकेक. कंस म्हणजे पाकीट. आत एक ब्रेड, एक जॅम. एका ट्रेत दोन पाकिटं.” मग ती बोटाने वाढत सुटली. दूध तीन, ब्रेड सहा, जॅम सहा.

“पंधरा!”

“अगं बाई,” मी मटकन खुर्चीत बसले.

शुक्रवारी तिची आई, वैशाली, बेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या, कारखान्यातली शिफ्ट बुडवून आली. “ताई, होईल ना हो?”

“होईल गं,” मी म्हटलं. मॅडमनी मला आणि शर्वरीला आत बोलावलं. वैशाली दाराशी उभी राहिली.

मॅडमनी लिहिलं 2Al(OH)₃. अरे देवा, माझी ॲसिडिटीची गोळीच की! शर्वरीने कागद जवळ ओढला. मग तिचे हात हलायला लागले. डावीकडे, उजवीकडे, हवेतच.

“व्हॉट इज शी डूइंग?” मॅडमनी मला हळूच विचारलं.

“वाढतेय, मॅडम.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच खालच्या इयत्तेत बसवतात की काय!

“फोर्टीन,” शर्वरी म्हणाली.

“ऑक्सिजन किती?”

“सिक्स.”

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “सोमवारपासून आपल्याच वर्गात बस.” दाराशी वैशालीला रडूच फुटलं. खरं सांगते, माझेही डोळे भरून आले.

रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. पुऱ्या केल्या होत्या. शर्वरीचं ताट रिकामं दिसलं तशी मी पुरी घेऊन धावले. “घे गं, एकच! माझ्यासाठी!”

तिने ताटावर आडवा हात धरला. “मिस, पाण्यात एक O जास्त गेला की जखमेवर लावायचं औषध होतं. मग ते पिता येत नाही.”

मी पुरी मुकाट्याने टोपलीत परत ठेवली. तेव्हापासून वर्गात पंगतीचं उदाहरण देत नाही. अणूंना आग्रह चालत नाही, हे मी इतकी वर्षं शिकवत होते. कळलं त्या दिवशी.