आग्नेल मेस्त्रीच्या पडवीतला रंधा

उमेळे गावात आग्नेल मेस्त्रीचं घर विचारलंत, तर लोक घराची खूण सांगत नाहीत, आवाजाची सांगतात. "सरळ जा. रंधा ओरडतोय तिथे थांबा."

हा रंधा म्हणजे साडेतीनशे किलोचं बिडाचं मशीन. खरखरीत फळी एका बाजूने आत घालायची, दुसऱ्या बाजूने ती तासून गुळगुळीत होऊन येते. शेजारी उभा बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारख्या फिरत्या करवतीचं मशीन, पुरुषभर उंचीचं. दोघं मिळून घराची लांब पडवी बत्तीस वर्षं अडवून बसलेले. गावाचे दरवाजे इथेच झाले, चर्चची बाकंही इथलीच, आणि गावात कोणी गेलं की त्याची शवपेटीसुद्धा. शवपेटीची ऑर्डर आठवडाभर आधी कोणी देत नाही. म्हणून मशीन घराला लागूनच हवं, असं आग्नेलचं म्हणणं. वालीवला कारखान्यांच्या वसाहतीत गाळा घे, असं सांगणारे शहाणे त्याला कमी भेटले नाहीत. त्यांना तो एकच विचारायचा, "मयताच्या घरच्यांनी हायवे ओलांडून फळ्या निवडायला यायचं काय?"

पडवी मात्र एकट्या आग्नेलची नव्हती. बापाने घराच्या वाटण्या केल्या, वाडीच्या केल्या, पडवी तेवढी सामाईक ठेवली. बोली अशी ठरली, की आग्नेलने तिथे धंदा करावा, पण दोन्ही घरांत कुठलंही कार्य निघालं की पडवी रिकामी करून द्यावी. लग्नाच्या आदल्या दिवशी गाव याच पडवीत बसून भाजी चिरणार, मसाले वाटणार. ते दुसरीकडे करायचं म्हणजे घराला घर न म्हणण्यासारखं.

आजवर ते जमलं. आठ गडी यायचे, बांबू आणि दोर लावून मशीन अंगणात काढायचे, आणि त्या उपकारावर चार जेवणं जास्त जेवायचे. आता त्या आठांतले तिघे चर्चच्या दफनभूमीत. त्यांच्या पेट्यांच्या फळ्या याच रंध्यातून निघालेल्या. एक मुलाकडे कॅनडात. उरलेल्यांचे गुडघे डॉक्टरच्या ताब्यात. आणि आग्नेल स्वतः एकसष्ट वर्षांचा, कमरेला पट्टा.

अशात थोरल्या भावाच्या मुलीचं, ॲनिशाचं, लग्न ठरलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. भाऊ जाऊन सहा वर्षं झालेली. त्याची बायको बर्था आठ गड्यांचं काम एकट्या जिभेने करणारी. ती पडवीच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"आग्नेल, पडवी कोण रिकामी करणार?"

"करतो ना, वहिनी."

"कोण करतो? तुझी कंबर करते? वालीवला जुन्या मशिनी विकत घेणारा एक माणूस आहे. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्याला बोलावलंय. त्याच्या आधी तू एकट्याने, कोणाला हाक न मारता, दोन्ही मशीन अंगणात आणून दाखव. नाहीतर तो घेऊन जाऊ दे."

बर्थाला वाईट म्हणू नये. बापाविना मुलीचं लग्न करायला निघालेल्या बाईला शब्द नको असतात, जागा हवी असते. पण आग्नेलला ते लागलं. घरात येऊन त्याने बायकोला, मार्गारेटला, नुसतं सांगितलं, "चाकं लावतो."

चाकं लावण्यात त्याला कोणी शिकवावं असं काही नव्हतं, असं त्याला वाटत होतं. मरियामातेच्या सणाला मूर्ती ज्या गाडीवरून फिरते ती गाडी त्याचीच. चारही चाकं रबराची आणि चारही वळणारी. गल्लीच्या काटकोनात गाडी अशी वळते, की मूर्तीच्या हातातली माळसुद्धा हलत नाही. बारा वर्षं लोक त्या गाडीचं नाव काढत आलेले. आग्नेलने तेच माप धरलं. जाड चौकट, चार वळती चाकं, चाकांना पायाने दाबायचे ब्रेक. जॅक आणि ठोकळे लावत दोन दिवसांत त्याने रंधा वर चढवला. एका हाताने ढकलला, तर लोण्यासारखा सरकला. मार्गारेट म्हणाली, "आता माझं कपाटपण असंच करा." दोघं हसली.

शनिवारी त्याने चारही ब्रेक दाबले आणि सागाची फळी आत घातली. टेबल आता टीचभर उंच झालेलं, खांदे वर करून फळी धरावी लागत होती. रंधा थरथरायला लागला. थरथरता थरथरता चाकं आपापल्या जागी वळली, ब्रेक सुटले. पडवीची जमीन पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती, आणि रंधा फळीसकट दाराकडे निघाला. आग्नेलने स्विच बंद करेपर्यंत तो पायरीजवळच्या बाकड्याला जाऊन टेकला. बाकड्यावर बर्थाची वालाची परात. सोललेले वाल अंगणभर.

बर्था बाजूलाच होती, तिला काही झालं नाही. तिने रंध्याकडे पाहिलं, मग दिराकडे.

"मरियामातेच्या गाडीला धरायला निदान चार माणसं तरी असतात, आग्नेल."

आग्नेल वाल वेचायला बसला. ज्या गाडीचा एवढा गर्व, तिनेच गावासमोर नाही तरी वहिनीसमोर नाक कापलं.

सोमवारी तो वालीवला गेला. एका दुकानात तयार चाकांची चौकट मिळत होती, डब्यावर हसणाऱ्या गोऱ्या माणसाचं चित्र. विकणारा पोरगेलासा शर्टवाला म्हणाला, "अंकल, एनी मशीन, फिट बसेल." आग्नेलने खिशातला टेप काढून पत्र्याची जाडी मोजली, बोल्ट बोटाने हलवून पाहिला आणि डबा परत ठेवला. साडेतीनशे किलोखाली तो पत्रा पापडासारखा वाकला असता. डब्यावरचा गोरा तरीही हसत राहिला असता, असं त्याने नंतर घरी दोघींना सांगितलं.

मग तो काळूरामच्या वेल्डिंगच्या टपरीवर गेला. काळूराम खाडीकाठच्या गावातला, आग्नेलच्याच वयाचा. गेट, जिने, होड्यांचे नांगर, काय म्हणाल ते जोडणारा. सगळी कहाणी ऐकून त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"मेस्त्री, देवीची गाडी कशासाठी आसते?"

"फिरायला."

"आनि तुमचा रंधा?"

"उभा राहायला."

"मंग तेला गाडीवर कशाला बसवला? होडी पान्यात नेताना तिला आपन ओंडके घालतो. पन म्हनून काय ओंडक्यांवर बसून मासं मारतो?"

आग्नेलला राग आला, आणि राग आला म्हणजे समोरच्याचं बरोबर आहे हे त्याला आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्याने खडू मागितला. दोघं टपरीच्या फरशीवर उकिडवे बसले. दुपारपर्यंत फरशी रेघांनी भरली.

ठरलं ते असं. मशीन स्वतःच्या पायांवरच उभं राहील, जमिनीवर, पूर्वीच्याच उंचीवर. मागच्या पायांच्या बाहेर दोन न वळणारी लोखंडी चाकं, जमिनीपासून नखभर वर. पुढे चाक नाहीच. नुसती एक जाड कडी. वळणारं चाक लांब दांड्याला. दांड्याचं टोक कडीत घालून तो दाबला, की मशीनची पुढची बाजू उचलली जाते, मशीन मागे कलतं आणि मागची चाकं जमिनीला टेकतात. दांड्याला खिट्टी लावली, की ओढत न्या. खिट्टी काढली, की मशीन पुन्हा आपल्या पायांवर. दोन्ही मशिनींना दांडा एकच.

"बँडसॉची चाकं लांब लांब लाव," आग्नेल म्हणाला. "डोईवर हंडा घेतलेल्या बाईसारखा आहे तो. वरून धक्का लागला की गेला."

"तेला वरून हात लावायचाच नाय. खालून वढायचा," काळूराम म्हणाला. "आनि मेस्त्री, या वेळी आधी फळी घालून बघा. मंग वयनीला बोलवा."

रविवार आला. मिस्सा सुटल्यावर बर्था साडीचा पदर खोचून पडवीत आली. वालीवचा माणूस तासाभरात पोचणार होता. मार्गारेट दारात उभी राहिली. तिला आग्नेलने बजावलं होतं, हात लावायचा नाही.

त्याने आधी रंधा चालू केला आणि आख्खी फळी घातली. बर्थाने मुद्दाम जमिनीकडे पाहिलं. मशीनच्या पायांशी त्याने खडूने रेघ मारून ठेवली होती. फळी बाहेर आली, पाय रेघेवरच. मग त्याने दांडा लावला, दाबला, खिट्टी ठोकली. रंधा किंचित मागे कलला आणि सुटला. उताराच्या बाजूला स्वतः उभा न राहता आग्नेल त्याला वरच्या बाजूने धरून हळूहळू अंगणात घेऊन गेला. पायरीवर त्याने उतरत्या फळ्या आधीच ठोकल्या होत्या. कमरेने एकदा कुरकुर केली, पण ती नेहमीची. मग बँडसॉ, खालून ओढत, इंचाइंचाने.

पडवी रिकामी झाली. बर्था आत गेली. तिने केरसुणी घेतली आणि रंधा होता तिथला भुसा काढायला लागली. साचलेल्या भुशाखालून लाल कोबा वर आला, सासऱ्याने घोटून घेतलेला, अजून चकाकणारा. तिने पायाच्या अंगठ्याने तो चोळून पाहिला.

"माझ्या लग्नात इथेच बसून बायकांनी मसाला वाटला होता," ती म्हणाली. "सासरे म्हणाले, डाग पडला तर पडू दे."

मग बाहेर आली आणि दांड्याकडे बोट दाखवलं. "हे मला जमेल?"

आग्नेलने दांडा पुन्हा रंध्याच्या कडीत घातला. "दाबून बघा."

तिने अंगाचा सगळा भार दांड्यावर टाकला. साडेतीनशे किलोचा रंधा विधवा वहिनीच्या हाताखाली उचलला गेला. तिला हसू आलं, ते तिने लपवलं नाही.

"त्या वालीववाल्याला फोन कर, मार्गारेट. येऊ नको म्हणावं." मग दिराकडे वळून, "आणि तू हे आत ने परत. लग्नाला अजून दीड महिना आहे. नवरानवरीची खुर्ची कोण करणार, तो डब्यावरचा गोरा?"

आग्नेलने रंधा आत नेला, लाल चौकोनावर आणून खिट्टी काढली. मशीन खाली बसलं. त्याने सागाची फळी उचलली.