मधली पानं

पोलादपूरहून औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्ही चौघी मागच्या बाकावर बसायचो. चौघीही औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला आणि चौघीही 'तसली' पुस्तकं वाचणाऱ्या. तसली म्हणजे दिरावर जीव जडलेली बाई, विधवेचं चोरटं प्रेम, असली. महाडच्या वाचनालयात मी एकदा तसं पुस्तक मागितलं, तर तिथल्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत पाककृतींचं पुस्तक पुढे सरकवलं. डोकं फिरलं माझं. पुरुषांनी एसटी स्टँडवर उभ्यानं काहीही चाळलेलं चालतं, आम्ही वाचलं की लगेच घर बुडतं!

बसमध्ये मात्र कुणी कुणाला नावं ठेवत नसे. चौघींपैकी एकीचा नवरा आखातात होता. ती महाडहून जुनी पुस्तकं विकत आणायची. थांबायला धीर कुणाला? म्हणून आम्ही पुस्तकाची शिवण उसवून चार भाग करायचो आणि एकेक वाटून घ्यायचो. जो भाग हाती येईल तिथून वाचायला सुरुवात. नंतर अदलाबदल. घरी कुणाशी बोलता येत नसे ते सगळं त्या बाकावर बोलून व्हायचं.

एकदा मधला भाग माझ्या डब्याच्या पिशवीत राहिला आणि नवऱ्याच्या हाती लागला. त्यात नेमकी नायिका दिराबरोबर घर सोडते.

"ही घाण वाचायला कामाला जातेस काय गो? घरात पोर हाय!"

"अहो, पुढचं तर वाचा."

पानं बसमधल्या बायकांकडूनच आली, हे ओळखून त्यानं ती पेटत्या बंबात घातली. "उद्यापासून बस नाय. मी सोडीन, मीच आणीन." तो शेजारच्याच कारखान्यात होता, म्हणजे पळवाट नाही. तीस-चाळीस पानांवर त्यानं माझा निकाल लावला, याचा संताप अजून येतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आखातवालीला मी विचारलं, "शेवट काय आहे?" शेवटचा भाग तिच्याकडे होता.

"परत येते गो ती. नवऱ्याच्या पाया पडून माफी मागते."

मला हसावं की डबा आपटावा कळेना. नवऱ्याला हवा तसाच शेवट होता की! असल्या पुस्तकापायी माझी बस गेली?

"असा शेवट नाय चालायचा," दुसरी म्हणाली. "नाय जात ती परत."

"मग खाईल काय?" तिसरीनं विचारलं.

"नोकरी लावू तिला. महाडात खोली बघू."

भाकरी खाता खाता तिघींनी नायिकेला खोली दिली, पगार दिला, दिरालासुद्धा रविवारीच भेटायची परवानगी दिली. मी पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी.

सुटल्यावर तिघी बोलत बोलत बसमध्ये चढल्या. नवरा फाटकाशी मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. मी पदर खोचला आणि त्याच्या मागे बसले.