आधी पातेलं, मग लायटर

ऑफिसात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ते काही शिकवत नसत. पण डेटाबेस अडला की सगळे त्यांनाच शरण जायचे. आणि डेटाबेसही असा लबाड, की गुरुजींनी पहिला घास उचलला रे उचलला की अडायचाच. मागच्या सुट्टीत तर त्यांनी समुद्र पाहिला तो हॉटेलच्या जिन्यातून, कानाला फोन लावून. यंदा बायकोने जाहीर करून टाकलं, की एक तर फोन घरी राहील, नाहीतर तुम्ही.

गुरुजींनी तोडगा काढला: ब्लॉग. एकदाच लिहायचं, विचारेल त्याला लिंक पाठवायची, कटकट खलास. पहिला लेख अर्थातच डेडलॉकवर, म्हणजे डेटाबेसमधल्या कोंडीवर, कारण निम्मे फोन त्याचेच. घाम गाळून त्यांनी लिहिलं, ‘सदर परिस्थितीत परस्परावलंबी व्यवहार प्रतीक्षावस्थेत जातात.’ लिंक गेली. त्याच संध्याकाळी, पहिल्या घासाला, फोन. ऑफिसातल्या नव्या इंजिनियरने आधी लेखाचं तोंडभर कौतुक केलं आणि मग विचारलं, की सर, म्हणजे नेमकं करायचं काय?

गुरुजींनी ताट सरकवलं आणि सुरू झाले. बायकोने कपाळाला हात लावला. फोन ठेवतात न ठेवतात तोच टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून गुरुजींचाच आवाज आला. कॉलेजात जाणारी लेक, चमचा कानाला, भुवया कपाळात:

“अरे बाबा, एकाच्या हातात पातेलं, दुसऱ्याच्या हातात लायटर. हा म्हणतो आधी तू सोड, तो म्हणतो आधी तू. चहा होणार कधी, पुढच्या जन्मी? एकाला हाकल, पुन्हा रांगेत उभा कर. आणि उद्यापासून सगळ्यांना एकच नियम: आधी पातेलं, मग लायटर. हं. ठेवतो.”

बायको ठसका लागेपर्यंत हसली. गुरुजींचा चेहरा पडला. आपण असे बोलतो? मग ध्यानात आलं, की इंजिनियरच्या डोक्यात एका दमात शिरलं ते हेच.

“पुन्हा म्हण,” ते म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप ओढला. ‘सदर’ गेलं, ‘प्रतीक्षावस्था’ गेली, पातेलं आलं.

त्यानंतर जेवताना फोन गप्प राहिला तो राहिलाच. गुरुजींना घास गिळवेना. सारखी रेंज बघत. शेवटी स्वतःच इंजिनियरला फोन लावून सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं. तो म्हणाला, डेडलॉक आला होता सर, वाचलं, सोडवला. तुम्ही जेवा निवांत.

तरी सुट्टीला निघताना घोडं दारातच अडलं. गुरुजींचा फोन बायकोच्या मुठीत, बायकोच्या बॅगेची किल्ली गुरुजींच्या मुठीत.

“आधी किल्ली.”

“आधी फोन.”

खाली टॅक्सीवाला हॉर्न मारत होता. लेकीने गुरुजींसारखं खाकरून घसा साफ केला.

“तू नको आता,” म्हणत गुरुजींनी किल्ली बायकोच्या हातावर ठेवली आणि फोनसाठी हात तसाच पुढे धरला. बायकोने फोन ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

“एकाला हाकलायचं असतं ना?” ती म्हणाली. “हाकललं. चला, रांगेत.”