खाट, म्हैस आणि मी लिहिलेली पोथी

माझ्या लेखनाची प्रेरणा एक म्हैस आहे.

हे मी चारचौघांत सांगत नाही. शाळेच्या संमेलनात कोणी विचारलंच की मास्तर, मुलांसाठी इतक्या गोष्टी तुम्हाला सुचतात कुठून, तर मी घसा साफ करतो आणि निसर्ग, मातृभाषा आणि बालमनाची निरागसता अशी तीन नावं घेतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिलाच. त्यामुळे म्हशीचं नाव घेताना जीभ अडखळते. पण उपकार विसरू नयेत हे मला ज्या माणसानं शिकवलं, तो माणूस त्या म्हशीच्या मागोमाग खाटेसकट कन्हान नदीत गेला होता. तेव्हा खरं ते लिहिलंच पाहिजे.

तो माणूस म्हणजे माझे मामा. राहणार खापा. चौथी झाल्यावर वडील मला गुरांमागे पाठवणार होते. मामा घरी आले, वडिलांसमोर बसले आणि पोराला पुढं शिकवतो असा शब्द मिळेपर्यंत जेवायला उठले नाहीत. (मामांना भूक मुळीच सहन होत नसे. म्हणजे हा त्याग केवढा!) पुढे मी नागपुरात शिकायला राहिलो, तेव्हा दर पंधरा दिवसांनी दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपून ते माझ्यासाठी भाकरी, लोणचं आणि तीळ-जवसाची चटणी घेऊन यायचे. स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण माझी वही उघडून, मान डोलावत, पानभर पाहून घ्यायचे.

उन्हाळ्यात नदी आटली की मामा रेतीत टरबुजाची वाडी लावत. वाडी म्हटली की राखण आली. गुरं आणि पाखरं हाकलायला पुन्हा पुन्हा उठावं लागू नये म्हणून मामांनी एक युक्ती काढली होती. वाडीच्या चार कोपऱ्यांत रॉकेलचे रिकामे डबे टांगले, चारही डब्यांच्या दोऱ्या एका दोरात गुंफल्या आणि तो दोर खाटेच्या पायाला बांधला. मामांनी निजल्या निजल्या कूस बदलली की चहूकडे खणखणाट! आळसाला किती बुद्धी लागते हे मी तिथे पाहिलं.

एका दुपारी सोनबाजी पाटलांची म्हैस वाडीत शिरली. मामांनी कूस बदलली. डबे वाजले. म्हैस बिथरली, दोर तिच्या शिंगात अडकला आणि ती नदीकडे सुटली. तिच्या मागे डबे, डब्यांच्या मागे खाट आणि खाटेवर मामा. मी तेव्हा दहा वर्षांचा. काठावर उभा राहून मी हे सगळं पाहिलं आणि आयुष्यात तितका पुन्हा कधी हसलो नाही. आरडाओरडा ऐकून लोक धावत आले, तोवर दोर तुटून खाट आणि डबे धारेला लागून दिसेनासे झाले होते आणि मामा डोहाच्या कडेला म्हशीची शिंगं घट्ट धरून उभे होते. सोनबाजींनी ते पाहिलं आणि काठावरूनच हात जोडले. त्यांच्या मते मामांनी डोहात उडी घेऊन बुडती म्हैस वाचवली होती.

मामा काही बोलले नाहीत. एवढीच त्यांची चूक.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांत मोठं टरबूज फोडलं, मधला लालभडक गाभा माझ्या हातावर ठेवला आणि कोणाला सांगणार नाही अशी कन्हानमायची शपथ घ्यायला लावली. मी घेतली. टरबूज फार गोड होतं.

त्यानंतर मामांचं गावात वजन वाढलं. ढोरांची भांडणं त्यांच्यापुढे येऊ लागली. पोळ्याच्या तोरणाखाली त्यांना मानाची जागा मिळाली. सोनबाजी दर दिवाळीला त्याच म्हशीच्या आणि पुढे तिच्या लेकींच्या तुपाचा गडवा पाठवू लागले. बावीस वर्षं हे चाललं आणि बावीस वर्षं मी शपथ पाळली.

मग माझं पहिलं पुस्तक निघालं. 'मुलांसाठी बारा गोष्टी' असं मी छापखान्याला कळवून बसलो होतो आणि गोष्टी झाल्या होत्या अकरा. छापखान्याचा माणूस दारात उभा. बारावी गोष्ट मी एका बैठकीत लिहिली. शपथेची आठवण होतीच, म्हणून मामांचं नाव बदलून ढेपूमामा केलं आणि खाप्याचं झापा. (ओळख लपवण्याची ही पद्धत मला तेव्हा अभेद्य वाटली.) चित्रकारानं विचारलं, मिशा कशा काढू? मी सहज बोलून गेलो, कानापर्यंत.

पुस्तक छापून आलं तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे सुभद्रेनं, शेवटचं चित्र पाहिलं आणि ती म्हणाली, "अहो, हे तं मामाजी आहेत."

मी तिला समजावलं की मामांना वाचता येत नाही आणि खाप्यात बालवाङ्मय कोण विकत घेतं? तिनं नुसती भुवई उचलली. तिची भुवई नेहमीच खरी ठरते.

महिन्याभरात एका सकाळी नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दोन खोल्यांसमोर दोन दमण्या थांबल्या. मामा उतरले, मामी उतरल्या आणि मागोमाग खाप्याचे नऊ जण. त्यांत सोनबाजी पाटील, तुपाच्या गडव्यासकट. मामीच्या हातात फुलांची परडी, मामांच्या हातात नारळ. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. मामांनी आधी माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग येण्याचं कारण सांगितलं. भाच्यानं बारा गोष्टींचा ग्रंथ लिहिल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. मामांनी आयुष्यात पाहिलेलं प्रत्येक पुस्तक ही पोथीच होती.

"छापलेली पोथी घरात आली आन पारायण नाई केलं तं दोष लागते, बापू," मामा म्हणाले. "आन लिहिनाऱ्याच्या तोंडून आयकावं, असं सोनबाजी म्हनून राहिले."

मी सांगून पाहिलं की ही पोथी नव्हे, ह्या लहान मुलांच्या गोष्टी आहेत. मामा म्हणाले, देवासमोर आपण सगळी लेकरंच. बी.ए. झालेल्या भाच्यानं मान डोलावली.

वाचन जेवणानंतर ठरलं. पाहुणे हातपाय धूत होते, तेवढ्यात मी पुस्तक घेऊन न्हाणीत गेलो. सुभद्रेनं लुगड्यांना लावायची खळ वाटीत काढून ठेवली होती. बाराव्या गोष्टीची सगळी पानं, चित्रासकट, मी एकमेकांना चिकटवली आणि वर पाटा ठेवला. सुभद्रा दारातून पाहत होती. मला वाटलं, आता हसेल. ती म्हणाली, "त्या माणसानं तुमच्यासाठी जेवण सोडलं होतं. आन तुम्ही त्याच्या गोष्टीले खळ लावून राहिले."

खरं सांगतो, त्या क्षणी मला छापखान्याचा, चित्रकाराचा आणि वर्णमालेचाही राग आला. पाटलांच्या देखत मामांचं बावीस वर्षांचं नाव माझ्यामुळे पाण्यात जाणार होतं आणि माझ्याकडे उपाय काय, तर वाटीभर खळ.

दुपारी चौरंग मांडला. पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. मामी माझ्या उजव्या हाताला बसल्या. प्रत्येक अध्यायाआधी फूल पाण्यात बुडवून पोथीवर शिंपडायचं ही त्यांची रीत. मी पहिली गोष्ट वाचली, ती उंदराची होती. मंडळींनी हात जोडून ऐकली आणि उंदीर बिळात शिरला तेव्हा एकाने खरोखर नमस्कार केला. मामींनी पाणी शिंपडलं. दुसरी गोष्ट चिमणीची. पुन्हा पाणी. असे अकरा अध्याय झाले, अकरा वेळा पाणी झालं आणि मी पुस्तक मिटून कपाळाला लावलं.

"बारा होत्या ना गा?" मामा म्हणाले. "मी चार बोटांच्या पेरांवर मोजून राहिलो. एक पेर उरलं."

"पोथी अर्धी ठेवत नाईत," मामी म्हणाल्या आणि बाराव्यांदा फूल बुडवलं. या वेळी अध्याय शेवटचा म्हणून दोनदा शिंपडलं.

मग मी ते चिकटलेलं, भाकरीसारखं जाड पान समोर धरलं आणि जे छापलेलंच नव्हतं ते वाचू लागलो. एक शूर मामा होते. एक म्हैस डोहात बुडत होती. मामांनी पगडी काठावर ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि उडी मारली. डोहात भोवरा फिरत होता, मी तो आणखी फिरवला. एक मगर घातली. (कन्हानेत मगर नाही, हे सगळ्या श्रोत्यांना ठाऊक होतं, पण पोथीपुढे कोण बोलणार!) सोनबाजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मी मामांकडे पाहिलं. वाटलं होतं, त्यांची छाती फुगली असेल. ते खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत बसले होते.

मी "संपूर्ण" म्हणून पुस्तक उंच केलं आणि बारा अध्यायांच्या पाण्यानं खळ सुटली. पानं एकेक करून, अगदी सावकाश, मंडळींच्या समोर उलगडली. शेवटी चित्र. पुढे म्हैस, मागे डबे, त्यामागे खाट आणि खाटेवर कानापर्यंत मिशा.

सोनबाजी पुढे सरकले. बराच वेळ पाहून म्हणाले, "हा तं आपलाच मानूस दिसते. पन हा खाटीवर काहून बसला?"

मामांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि सुभद्रेसमोर धरलं.

"सूनबाई, तू वाच. याच्या डोळ्याले काही झालं."

सुभद्रा चौथीपर्यंत शिकलेली. तिनं एकेक अक्षर लावत सगळं वाचलं, डबे, दोर, कूस बदलणं, सगळं. मी चौरंगाच्या पायाकडे पाहत होतो. तोच पाय माझ्या डोक्यात घालावा, असं कोणी म्हटलं असतं तर मी डोकं पुढे केलं असतं.

वाचून झालं. सोनबाजींनी विचारलं, "म्हंजे माही म्हैस डुबून नव्हती राहिली?"

"डुबून मी राहिलो होतो, पाटील," मामा म्हणाले. "तिची शिंगं सोडली असती तं आज तेरवीची पोथी असती. तिनंच मले काढलं."

सोनबाजींनी चित्रातल्या म्हशीवरून बोट फिरवलं.

"म्हंजे वाचवलंही तिनंच, आन बावीस वर्सं तूपही तिनंच देलं," ते म्हणाले. "मोठी गुनाची होती, गा."

सगळ्यांत आधी मामाच हसले. मग सगळी खोली. हसू ओसरल्यावर मामींनी फूल परडीत ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "मले त्याच राती मालूम झालं होतं. तेल लावाले बसली तं पाठीवर खाटीच्या सुतळीचे वळ. मानूस पोहाले जाते तं पाठीले वळ कायचे येतील वं, सूनबाई?"

मामा मामींकडे पाहतच राहिले. बावीस वर्षं ते जिच्यापासून लपवत होते, तिनंच ते बावीस वर्षं त्यांच्यासाठी लपवलं होतं.

मग मामांनी ती गोष्ट स्वतः सांगितली. खाट आधी उलटी झाली मग सुलटी, एक डबा त्यांच्या डोक्यात टोपीसारखा बसला आणि म्हशीनं मध्येच थांबून मागे वळून पाहिलं. यातलं काहीच माझ्या पुस्तकात नव्हतं. मंडळी पोट धरून लोळली. निघताना मामांनी पुन्हा माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी त्यांना उठवलं आणि माफी मागितली.

"बापू, मोठं वझं उतरलं," ते हळूच म्हणाले. "पन शपथ तू मोडली. माहं टरबूज वापस दे."

पुस्तक ते खाप्याला घेऊन गेले. लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलं आहे. दर उन्हाळ्यात वाडी लागली की गावची पोरं जमतात. मामा ते सोडतात, उलटं धरतात आणि मान डोलावत बारावी गोष्ट वाचतात. गेल्या वर्षी मीही मागे बसून ऐकली. तेव्हापासून मी लिहायला बसलो की कागद एकदा उलटा करून पाहतो, पण अजून काही ती गोष्ट तशी जमत नाही.