यादीत नसलेला प्रश्न

यांना जाऊन दीड वर्ष झालं. भेटायला येणारे लोक अजून यांच्या शिस्तीचं कौतुक करतात. मी मान हलवते आणि चहा टाकते. त्या शिस्तीपायी आमची मुलगी आमच्या हातची जायची वेळ आली होती, हे मी कुणाला सांगत नाही. लिहायला मात्र हरकत नाही. ते वाचून खोडायला आता हे नाहीत.

हिंजवडीत तेव्हा नुकत्याच कंपन्या येऊ लागल्या होत्या. हे तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत गुणवत्ता विभागात होते. म्हणजे काय, हे मला लग्नानंतर सात वर्षांनी कळलं. बाहेरून ऑडिटर यायचे, आणि त्यांच्यासमोर कुणी काय बोलायचं याची तालीम हे सगळ्यांकडून करून घ्यायचे. "ऑडिटरला खोटं सांगायचं नाही," हे म्हणायचे, "आणि खरंही जास्त सांगायचं नाही. विचारलं तेवढंच." मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. तिथे कुणी काही विचारतच नसे, त्यामुळे मला हे तत्त्वज्ञान बरं वाटे.

आमची मुलगी सहा वर्षांची असताना संस्थेतून आमच्या धायरीच्या फ्लॅटवर आली. आधी सांभाळायला, मग संस्थेचा अहवाल चांगला आला तर कोर्टात अर्ज आणि दत्तक, असा क्रम होता. संस्थेच्या ताई दर तीन महिन्यांनी घरी येऊन बघणार होत्या. तारीख कळली आणि यांनी कंपनीतून येताना एक कोरी वही आणली.

तीत यांनी वीस प्रश्न काढले. संध्याकाळी हे ताई व्हायचे, खुर्चीत बसून चष्मा नाकावर ओढायचे आणि विचारायचे, "बाळ, तुला इथे आवडतं का?" मुलगी हात गुडघ्यांवर ठेवून म्हणायची, "हो." शाबासकी मिळायची. मला हा खेळ वाटला. तिलाही वाटला असावा. यांना तो खेळ वाटत नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ताई आल्या. बसने फाट्यापर्यंत, पुढे चिखलातून चालत. पाणी पिऊन त्यांनी मुलीला जवळ बसवलं.

"आज काय जेवलीस?"

"पोळी."

"नुसती पोळी?"

"भाजी."

"कुठली गं?"

"दोडक्याची."

"आवडली?"

"हो."

दोडका हो म्हणून खाणारं मूल मी तोवर पाहिलं नव्हतं. ताईंनीही पाहिलं नसावं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं, आता तू विचार. तुला मला काही विचारायचंय का?"

मुलीने यांच्याकडे पाहिलं. मग ताईंकडे. मग अगदी नम्रपणे म्हणाली, "हा प्रश्न यादीत नव्हता."

"यादी?"

कागद मागितला की तो दाखवायचा, हाही यांचा नियम. हे उठले, कपाटातून वही काढली आणि ताईंच्या हातात दिली. ताईंनी वीसच्या वीस प्रश्न उत्तरांसकट वाचले.

"आपण काम कुठे करता म्हणालात?"

"हिंजवडीला. गुणवत्ता विभागात."

"वाटलंच," ताई म्हणाल्या.

जाताना मात्र त्या हसल्या नाहीत. "मूल पढवलेलं आहे, असं मला लिहावं लागेल. पढवलेलं मूल म्हणजे घाबरलेलं मूल, असंच वाचणारा समजतो. अशा अहवालावर संस्था अर्ज पुढे पाठवत नाही. पुढच्या वेळीही असंच दिसलं, तर संस्था तिच्यासाठी दुसरा विचार करेल."

दुसरा विचार म्हणजे काय, ते आम्ही विचारलं नाही. यांनी त्या दिवशी वही फाडली, आणि लगेच मुलीला समोर बसवून म्हणाले, "हे बघ, आता ताई आल्या की मनात येईल ते बोलायचं."

"म्हणजे काय बोलायचं?" तिने विचारलं आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही आता तीन महिने गप्प बसा."

ते खरंच बसले. पढवणारं कुणी नसल्यावर मुलगी हळूहळू स्वतःचं बोलायला लागली. एका बुधवारी तिने ताट सरकवलं आणि "दोडका नको म्हणजे नको!" म्हणून किंचाळली. हे स्वयंपाकघरात माझ्यामागे आले आणि कुजबुजले, "ऐकलंस? ओरडली!" कंपनीत बढती मिळाली तेव्हाही यांचा चेहरा असा झाला नव्हता.

पुढच्या वेळी ताई न कळवता आल्या, रविवारी सकाळी. हे बनियनवर होते, मी पुस्तकात होते आणि दूध ओट्यावरून खाली चाललं होतं. दार मुलीने उघडलं.

"या ताई. बरं झालं आलात."

ती त्यांना आत घेऊन आली, खुर्ची दिली आणि सुरू झाली. आई वाचत बसली की हाक ऐकत नाही, हे दूध बघा. बाबा वेणी घालतात, ती एक कानाच्या वर आणि एक खाली. बाबांच्या गोष्टीतला राक्षस शहाण्यासारखं वागतो, काही मजा येत नाही. दोडका नको असं कागदावर लिहून फ्रिजला लावलंय, तरी कुणी वाचत नाही, आणि म्हणे घरात एवढी पुस्तकं.

ताई लिहीत होत्या. पान उलटलं, तरी लिहीत होत्या. हे खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. मीही मनात म्हटलं, संपलं.

"बरंच आहे की गं," ताई म्हणाल्या. "मग मी यांच्याबद्दल शेवटी काय लिहू?"

मुलीने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिकतायत," ती म्हणाली. "जमेल त्यांना."

ताईंनी ते तसंच्या तसं उतरवून घेतलं. हे एकदम वळून बाल्कनीत गेले. आत मुलीने ताईंना हलक्या आवाजात सांगितलं, "हेपण लिहा. थोडं बोललं की रुसतात."

"रुसलेत का बघून ये जा," ताई म्हणाल्या. ती गेली. ताईंनी वही मिटली आणि मला म्हणाल्या, "अर्ज या आठवड्यात पाठवते. आता तेवढं दूध पुसून घ्या, मुंग्या लागतील."