साफ करायला उघडणारं दार

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. खर्ड्याकडच्या कोरडवाहू पट्ट्यातलं आमचं गाव. तिथं आजही कुणाचा टीव्ही बिघडला की माझ्या वडिलांना ऐकवतात, "पोरगं इंजिनेर हाय ना तुमचं, मग बोलवा की." वडील मान ताठ करून म्हणतात, "व्हय, हाय." मलाही त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. ऊसपट्ट्यातल्या एका नगरपालिकेत मी कंत्राटी तांत्रिक सहायक म्हणून लागलो, आणि थोड्याच दिवसांत इमारतीची जुनी कुलपं काढून कार्डानं उघडणारी दारं बसवायचं काम निघालं. वाटलं, शिकलेलं आता कामाला येणार.

जुनी पद्धत सगळ्यांनी पाहिलेली असते. चॅनेल गेट, आणि किल्ल्यांचा जुडगा शिपायाच्या खिशात. शिपाई चहाला गेला की रेकॉर्ड रूम बंद. लग्नाला गेला की जन्ममृत्यू विभाग बंद. आता प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड, दाराच्या चौकटीवर चुंबकाचं लॉक, माणूस खोलीत आला की आपोआप लागणारे दिवे, टाकी भरली की बंद होणारी मोटर, आणि चारी बाजूंनी कॅमेरे. पुण्याच्या कंपनीची माणसं येऊन बसवत होती. त्यांच्यामागं फिरून मी एकेक वायर समजून घेतली.

कुठलं कार्ड कुठलं दार उघडणार हे ठरवायला बैठक झाली. मुख्याधिकारी, खातेप्रमुख, दोन नगरसेवक, कंपनीचा माणूस आणि मी. मुख्याधिकारी साहेबांचा चालक, नगरसेवकांचे पुतणे, त्यांच्याबरोबर हिंडणारी चार पोरं, सगळ्यांना सगळी दारं मिळाली. मग सफाईच्या बायकांचा विषय आला.

या बायका ठेकेदाराकडच्या. उजाडायच्या आत बाजारतळ झाडायला घ्यायच्या, आणि काम उरकलं की पालिकेत यायच्या. तळमजल्यावर मागच्या बाजूला बायकांचं स्वच्छतागृह आहे, तिथं हातपाय धुवायच्या, मोकळ्या व्हायच्या, आणि मागच्या पायऱ्यांवर बसून भाकरी खायच्या. त्यांची मुकादम म्हणजे अंगानं आडवी, तोंडानं फटकळ बाई. सगळे तिला मावशी म्हणायचे. तिला साखरेचा आजार. तासातासाला जावं लागायचं. ती हे लपवायची नाही, उलट ओरडून सांगायची, "सरा बाजूला, न्हाईतर हितंच पूर यील."

बैठकीत एक खातेप्रमुख म्हणाले, "त्यांना मेन गेटपर्यंतच ठेवा. आत काय काम त्यांचं?"

मी म्हणालो, "साहेब, आतली स्वच्छतागृहं त्याच धुतात."

मुख्याधिकारी विचारात पडल्यासारखे दिसले. मला वाटलं, चूक कळली. पण त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, "कार्ड ठरावीक वेळेपुरतं चालू ठेवता येतं का हो?"

"येतं की सर."

"मग सफाईची वेळ टाका. तेवढंच उघडायचं. एरवी लाल दिवा."

म्हणजे दार साफ करायला उघडेल, वापरायला नाही. मी म्हणालो, "मी हे सेट करणार नाही." मुख्याधिकारी साहेब हसले. "तुम्हाला कोण म्हणतंय? हे आहेत ना." त्या माणसानं लॅपटॉप पुढं ओढला आणि चहा यायच्या आत काम करून टाकलं. नगरसेवक म्हणाले, "बघा, टेक्नॉलॉजी म्हणतात ती ही."

उद्घाटनाला दारापुढं रांगोळी काढायला मावशीलाच बोलावलं. तिनं मोठी सुरेख रांगोळी घातली. नंतर पुढारी आले. त्यांनी मुख्य दाराच्या यंत्राची यथासांग पूजा केली. कार्ड जिथं टेकवायचं त्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर हार घातला, आणि नारळ फोडला तो यंत्राच्या खालच्या कठड्यावर. सगळं पाणी यंत्रात. मी "अहो, थांबा थांबा" म्हणेपर्यंत गुरुजींनी अक्षताही टाकल्या. यंत्र दोन दिवस कण्हल्यासारखं वाजलं आणि मेलं. बदलून द्यायला कंपनी तयार नव्हती. पूजा कुठल्या गॅरंटीत बसणार? दार उघडं राहावं म्हणून कुणीतरी खाली वीट लावली. दार जास्त वेळ उघडं राहिलं की भोंगा वाजतो, तर शिपायानं भोंग्याची वायरच तोडली. पोरं, पुतणे, एजंट, दाखल्यांचे दलाल, सगळे विटेवरून आत. पाठोपाठ आतल्या दारांनाही विटा लागल्या. त्या सबंध इमारतीत इमानेइतबारे चालणारं एकच दार उरलं, मागचं, बायकांच्या स्वच्छतागृहाचं.

कार्डं चालू झाली त्या पहिल्याच दिवशी मावशी तिथं कार्ड टेकवून उभी होती. लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल.

"ओ इंजिनेर, ह्याला काय धाड भरली? सकाळी तर उघडलं."

मी तिला खरं ते सांगितलं. तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजी धुवायला चालते, बसायला न्हाई?"

मी मान हलवली.

"कोनी ठरवलं? तू?"

"नाही."

"मग तोंड कशाला पाडतो? सर बाजूला, मला घाई हाय."

मी माझं कार्ड टेकवून दार उघडलं. त्यानंतर मी जागेवर असलो की उघडून द्यायचो. पण मी काही सदा तिथं नसायचो. पंपहाऊस, अग्निशमन, नाट्यगृह, सगळीकडं मलाच पळावं लागायचं. साहेबांना मी दोनदा भेटलो. पहिल्यांदा म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाले, "सार्वजनिक शौचालय आहे की स्टँडवर." स्टँडवरच्या शौचालयाला दारं नाहीत आणि पाणीही नाही. त्यांना ते माहीत होतं. त्या कामाच्या फायलीवर सही त्यांचीच.

एक दिवस पंपहाऊसवरून परत आलो तर सुरक्षारक्षकाच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. आत रक्षक, दोन शिपाई आणि साहेबांचा चालक, सगळे स्क्रीनपुढं दाटीनं उभे. रक्षकानं मला पाहिलं आणि मोठ्या खुशीत म्हणाला, "या सर, या. तुमचा मागचा कॅमेरा लई क्लिअर हाय."

मागच्या आवारात पाण्याच्या टाकीमागं थोडी झुडपं आहेत. त्या जागेवर आमचा कॅमेरा. त्या माणसांनी चित्र मोठं करून सबंध स्क्रीनभर घेतलं होतं. दोन बायका लुगड्याचा आडोसा धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि आडोशामागं कोण असेल हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चालक म्हणाला, "रोज ह्या टायमाला शो असतो."

मी स्क्रीनची पिन उपटली. शिपाई म्हणाला, "अहो, गंमत केली सर." हा शिपाई रोज कपाळाला बुक्का लावतो. चालकाला दोन मुली आहेत. मी तिथलं चित्रण पुसून टाकलं. पुरावा म्हणून ठेवावं असं क्षणभर मनात आलं. पण पुरावा ठेवायचा म्हणजे ते आणखी कुणीतरी बघायचं.

तसाच पेचकस घेऊन मागं गेलो. स्वच्छतागृहाच्या दाराची पट्टी काढली, वरचं चुंबक काढलं, वायरीची टोकं चिकटपट्टीनं गुंडाळली. दार ढकललं की उघडायला लागलं, जगातल्या कुठल्याही दारासारखं. टाकीकडं जाऊन मावशीला हाक मारली आणि कॅमेऱ्याचंही सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तिनं आधी पदर खोचला. मग रक्षकाच्या खोलीच्या दिशेनं तोंड करून तिनं अशा शिव्या दिल्या की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

साहेबांनी बोलावून घेतलं. "शासकीय मालमत्तेची तोडफोड केलीत तुम्ही."

"तोडलं नाही, काढलं. तुमच्या टेबलावर ठेवलंय." मी कॅमेऱ्याचं सांगितलं.

त्यांनी नाक आक्रसलं. मला वाटलं, चला, यांनाही घाण वाटली. म्हणाले, "त्या कॅमेऱ्याचा अँगल बदलून घ्या. आणि लॉक परत लावा."

"कॅमेरा फिरवतो. लॉक लावणार नाही."

"तुम्ही कंत्राटी आहात, विसरू नका."

"साहेब, विसरलेलो नाही. मी लेखी द्यायला तयार आहे की कुणाला दार बंद केलं आणि त्याचं काय झालं."

लेखी म्हटल्यावर साहेब पेपरवेट फिरवत बसले. लॉक टेबलावरच राहिलं. त्या चार माणसांना कुणीही काही विचारलं नाही. रक्षक दुसऱ्या दिवशी मला नमस्कार करत होता.

सफाईच्या बायका आत जाऊ लागल्या. आतला दिवा माणूस हलला तरच पेटतो, निवांत बसलं की विझतो. त्यामुळं पहिले काही दिवस आतून आरडाओरडा यायचा.

"अगं बया, अंधार झाला!"

"हात हालीव, हात! एसटीच्या कंडक्टरसारखा!"

त्यांचं हसणं पार जिन्यापर्यंत ऐकू यायचं. पण महिना उलटायच्या आत माझ्या लक्षात आलं की ऑफिसातल्या बाया खाली येईनाशा झाल्या आहेत. सगळ्या वरच्या मजल्यावर, सभागृहाशेजारच्या, एरवी सभेपुरतंच उघडणाऱ्या स्वच्छतागृहात जायला लागल्या होत्या. मग एक लिपिक बाई माझ्याकडं आल्या. पदवीधर, त्यांच्याही घरातल्या पहिल्याच शिकलेल्या, कोपरगावकडच्या. आम्ही एकमेकांना कौतुकानं तसं सांगितलेलं होतं.

"सर, ते खालचं लॉक रिकामंच पडलंय ना? वरच्या लेडीजला बसवून द्या की. आम्ही सगळ्या साहेबांशी बोललोय."

"कशासाठी?"

"तसं काही नाही हो. पण त्या कचऱ्यातून येतात ना. वास येतो."

"तो कचरा तुमच्या घरचा असतो, बाई."

त्या लाल झाल्या. "आम्ही काय जातपात मानतो असं वाटतं का तुम्हाला?"

मी लॉक बसवणार नाही एवढंच सांगितलं. आठवड्यानं पुण्याहून माणूस आला आणि त्यानं ते वर बसवलं. उत्तम चालतं. हिरवा दिवा, लाल दिवा.

मावशीला मी हे सांगणार नव्हतो. तिला आधीच कळलं होतं. धुवायला वरही तीच जाते, ठरलेल्या वेळेत.

"बरं झालं," ती म्हणाली. "खाली लाईन लावावी लागत न्हाई आता."

मागच्या पायरीवर बसून तिनं भाकरी सोडली आणि चतकोर माझ्यापुढं धरला. घेऊ की नको असं करत मी क्षणभर थांबलो, कारण मला अजून त्या लिपिक बाईंचा आवाज ऐकू येत होता आणि माझ्या तोंडाची चव गेली होती.

मावशीनं हात मागं घेतला नाही. "धुतलेत हात," ती म्हणाली. "साबन लावून."

मी तिच्या शेजारी बसलो आणि भाकरी खाल्ली.