लडकूने रुसवा कुणाला ठेवला

कोन गावच्या लडकूइतका मन लावून रुसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी त्याच्याच गावचा, आणि धामणकर नाक्याजवळच्या कापडाच्या कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या लूमवर. चहावाल्याने कान तुटलेला कप दिला की हा गडी शिफ्ट संपेपर्यंत बोलत नसे. शेवटी मुकादम यायचा, "अरे लडकूभाई, मान जाओ ना," म्हणायचा. लडकू दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा कप उचलायचा. "एका हाकेला उठला त्याला रुसनं म्हनत न्हाय, त्याला भूक म्हनतात," हे त्याचं तत्त्व.

पण खरी कर्तबगारी लग्नात. भावकीतल्या प्रत्येक लग्नात रुसायचा मान त्याच्या घराचा. अक्षता पडल्या की लडकू मांडवाबाहेर चिंचेखाली तोंड फिरवून बसायचा. कारण काहीही चाले. एकदा नवरदेवाचा घोडा त्याच्याकडे बघून शिंकला होता. मग वाजंत्री घेऊन सगळे चिंचेखाली जायचे, त्याची समजूत काढायचे, वाजतगाजत आणून पुढच्या खुर्चीत बसवायचे, तेव्हा कुठे पहिली पंगत बसायची. समजूत काढायला सगळ्यांत पुढे त्याची बायको रंगूबाई, आणि हसून हसून तिचीच पुरेवाट. स्वतः रुसणं त्या बाईला कधी जमलंच नाही.

चौऱ्याहत्तर साली त्याला कावीळ झाली आणि वाढतच गेली, तेव्हा लडकूने भावकीला बोलावलं. मूलबाळ नव्हतं. "जमीन पुतन्याला, अनंताला. बैल पन त्यालाच. आन रुसायचा मान रंगूला," म्हणाला.

अनंताचा बाप, म्हणजे धाकटा भाऊ नवशा, उडालाच. "बाईमानूस रुसल? दादा, डोस्कं ठिकानावर हाय ना?"

यावर लडकू भिंतीकडे तोंड करून रुसला, आणि सगळ्यांनी हो म्हणेपर्यंत वळला नाही. त्याच आठवड्यात गेला. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. लूमचा खडखडाट तोच, पण शेजारी कुणी फुगलेलं नाही.

वर्षभराने अनंताचं लग्न निघालं. आमच्याकडचा एक शहाणपणा असा की नवरा गेलेल्या बाईने लग्नात पुढे यायचं नाही, मागच्या दारी कांदे सोलायचे. मला या शहाणपणाची चीड आहे. ज्या अनंताला रंगूबाईने अंगाखांद्यावर खेळवलं, त्याच्याच लग्नात ती सकाळपासून कांद्यांच्या ढिगात. आज मान सोडला तर पुढची सगळी लग्नं इथेच जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अक्षता पडल्या. रंगूबाई विळी सोडून उठली, चिंचेखाली जाऊन बसली, आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी खांदे गदगदतच होते.

"ही कसली रुसते!" म्हणत नवशा नवी टोपी घालून चिंचेच्या दुसऱ्या बाजूला बसला. स्वतःच्या पोराच्या लग्नात रुसलेला बाप! वाजंत्री आधी त्याच्याकडे गेली. त्याची बायको ठमाबाई म्हणाली, "चला, जेवाला चला." मांडवातून वडे तळल्याचा वास येत होता. नवशा उठलासुद्धा.

"अरे, ही तर भूक!" मी ओरडलो. सगळी भावकी खो खो हसली आणि नवशाचा दावा तिथेच बुडाला.

मग वाजंत्री रंगूबाईकडे वळली. अनंता बाशिंगासकट पुढे आला. "काकी, चल." तिने मान हलवली. "काकी, चल ना गो." पुन्हा नाही. आता ती हसत नव्हती.

"सगला जलम मी त्याला मनवला," ती म्हणाली. "मना कवा कोनी मनवलं न्हाय. आन नेऊन बसवशील कुठं? कांद्यांत?"

"पुढं गो. काकाच्या खुर्चीत."

तरी ती उठेना. "आजून एकदा म्हन," म्हणाली.

अनंता तिसऱ्यांदा म्हणाला. ताशे कडाडले. रंगूबाई वाजतगाजत मांडवात आली, पुढच्या खुर्चीत बसली आणि समोर सगळं लग्न दिसलं तशी मोठ्याने रडली. "मेला! ह्याच्यासाठी मान मना दिला व्हय!"

मग पंगत बसली. पहिलाच वडा तिला गार लागला. तिने ताट दूर सारलं, आणि सगळ्या भावकीला पुन्हा हात जोडावे लागले.